क्वांटमवर मॉडेल ट्रेन करताय? आधी शॉट्स मोजा

प्रश्न : ताई, मी इंदूरला सुदामानगरमधे राहतो, बीई कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष. मेजर प्रोजेक्टला हाताने लिहिलेले आकडे ओळखायचं मॉडेल घेतलं होतं. सर म्हणाले हे तर सगळेच करतात, तू क्वांटम कॉम्प्युटरवर ट्रेन करून दाखव, हजारपट फास्ट होईल. आयबीएमची मशीन फ्रीमधे मिळते म्हणे. दोन महिन्यात होईल का?

उत्तर : प्रोजेक्ट होईल, पण ते 'हजारपट फास्ट' आधी डोक्यातून काढ. लॅपटॉपवर जे चहा उकळेपर्यंत होतं ते तिथे महिनाभरात पण होणार नाही, आणि का होणार नाही हाच खरं तर तुझा प्रोजेक्ट आहे.

तिथे ट्रेन काय होतं बघ. क्युबिट्सवर (क्वांटम कॉम्प्युटरच्या बिट्सवर) गेट्स, म्हणजे छोट्या क्रिया, लावलेलं एक सर्किट असतं, त्यातल्या काही गेट्सना कोन असतो, किती अंशात फिरवायचं तो. हे कोन म्हणजे तुझे वेट्स, मॉडेल शिकताना बदलतात ते आकडे. चित्रातले आकडे पण बहुतेक वेळा कोन बनूनच आत जातात. शेवटी मोजलं की ० नाहीतर १ येतो, तेच हजार वेळा चालवून (एकदा चालवलं की एक शॉट) सरासरी काढायची, ते झालं उत्तर. कोन किती बदलायचा हे ठरवतो साधाच कॉम्प्युटर, म्हणजे निम्मं काम तर लॅपटॉपच करणार.

गोची पुढे आहे. न्यूरल नेटवर्कमधे बॅकप्रोपगेशन असतं, जाताना प्रत्येक लेयरचे मधले आकडे लक्षात ठेवायचे आणि परत येताना एकाच फेरीत सगळ्या वेट्सचे ग्रेडियंट (वेट जरा बदलला तर चूक किती बदलेल तो उतार) मिळतात, वेट्स पन्नास असोत की पाच कोटी. क्वांटममधे मधे डोकावताच येत नाही, मोजलं की स्थिती मोडली, आणि कॉपी करून ठेवू म्हणशील तर अनोळखी क्वांटम स्थितीची कॉपी होतच नाही, हे १९८२ सालीच सिद्ध झालंय. मग काय, प्रत्येक कोनाला वेगवेगळं विचारत बसायचं. हा कोन ९० अंश पुढे करून सर्किट चालव, ९० अंश मागे करून चालव, दोन्ही उत्तरांच्या फरकाचा अर्धा म्हणजे त्या एका कोनाचा ग्रेडियंट. पॅरामीटर शिफ्ट म्हणतात याला. सूत्र झकास आहे, पण बिल बघ. ५० कोन म्हणजे १०० सर्किट्स, प्रत्येकाचे १००० शॉट्स, एका चित्राला झाले १ लाख. १०० चित्रांची बॅच घेतलीस तर १ कोटी. एका शॉटला २५० मायक्रोसेकंद धरले तर २५०० सेकंद, म्हणजे ४२ मिनिटं, आणि ही ट्रेनिंगची फक्त एक स्टेप! फ्रीमधे महिन्याला मिळतात १० मिनिटं. अशा १०० स्टेप्स म्हणजे जवळजवळ तीन दिवस, लाइनीत थांबायचा वेळ सोडून.

बरं, एवढं करून ग्रेडियंट हाती लागेलच असं नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या जाम गेटला गेला असशील ना, धुकं उतरलं की चार पावलांवरचं दिसत नाही, पण पायाखाली उतार लागला तर माणूस चाचपडत का होईना खाली निमाडाकडे जाऊ शकतो. ट्रेनिंग म्हणजे हेच. आता तेच धुकं महूजवळच्या सपाट शेतात पडलं तर? कुठेही पाय टाक, सारखंच. २०१८ मधे गूगलच्या संशोधकांनी दाखवलं की वाटेल ते कोन घेऊन सुरू केलेली मोठी सर्किट्स बहुतेक अशाच सपाटीवर सापडतात, आणि क्युबिट वाढवत गेलं की उतार घातांकी वेगाने, म्हणजे दर क्युबिटला काही पटीने, शून्याकडे जातो. नाव दिलंय बॅरन प्लॅटो, ओसाड पठार. (आपल्या माळव्याच्या पठाराला लोक 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणतात, तेव्हा नावावरून गैरसमज नको.) उतार ०.०००१ आणि १००० शॉट्समुळे येणारी चूकच ०.०३ च्या आसपास, मग कोन कुठल्या बाजूला फिरवायचा हे नाणं उडवून ठरवलंस तरी तेच.

चित्र आत भरणं हे अजून एक. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ पिक्सेल, १० क्युबिट्समधे १०२४ आकडे मावतात म्हणून लोक खूश होतात, पण ते भरायला हजाराच्या घरात गेट्स लागतात आणि आजची दोन क्युबिटची गेट्स साधारण शंभरात एकदा ते हजारात एकदा चुकतात. म्हणून चित्र ४ गुणिले ४ चं करतात. ते स्वतः करून बघ, काही ३ आणि ६ अगदी सारखेच दिसायला लागतात, मॉडेल बिचारं काय करेल.

तेव्हा असं कर. ४ क्युबिट घे, पेनीलेन किंवा किस्किट या सॉफ्टवेअरच्या सिम्युलेटरवर (लॅपटॉपवरच्या नकली क्वांटम मशीनवर) ट्रेन कर, खऱ्या मशीनवर फक्त शेवटची टेस्ट, वीसेक चित्रांची. मग २, ४, ६, ८, १० क्युबिट्सला ग्रेडियंट किती पसरतो याचा ग्राफ काढ, पठार तुझ्याच आकड्यांत दिसेल. शेजारी तेवढ्याच वेट्सचं साधं छोटं नेटवर्क ठेव. २०२४ मधे १२ क्वांटम मॉडेल्स १६० डेटासेटवर तपासली तेव्हा साधी मॉडेल्सच एकंदरीत पुढे निघाली, म्हणून तुझं हरलं तर लपवू नकोस, सरांना तेच दाखव. आणि सिम्युलेटरवर क्युबिट वाढवायचा मोह आवर. प्रत्येक क्युबिटला मेमरी दुप्पट लागते, २८ ला ४ जीबी, २९ ला ८. माझा ८ जीबीचा लॅपटॉप २९ ला जो थिजला तो बटण दाबूनच बंद करावा लागला, आणि फाइल सेव्ह केली नव्हती.

प्रश्न : गूगलच्या विलो या क्वांटम चिपने पाच मिनिटांत असं गणित केलं की सुपरकॉम्प्युटरला १ वर २५ शून्यं इतकी वर्षं लागली असती, असं वाचलं. मग एआय पण आता तिच्यावरच शिकणार ना? (रामबाग, निवृत्त)

उत्तर : काका, तो गूगलचा स्वतःचा अंदाज, आणि तो एका मुद्दाम निवडलेल्या गणितापुरता, रँडम सर्किटमधून नमुने काढायचं गणित. त्यावर काही शिकवलेलं नाहीये. डिसेंबर २०२४ च्या त्या बातमीत मला मोठी गोष्ट वाटली ती चुकांची: ३×३, ५×५, ७×७ अशी क्युबिट्सची जाळी वाढवत गेले तशी चूक दर वेळी आधीच्या निम्म्याहूनही थोडी कमी उरली.

आणि अशा दाव्यांचं पुढे काय होतं ते सांगते. २०१६ मधे शिफारशी करायची, म्हणजे तुम्हाला काय आवडेल ते सुचवायची, एक क्वांटम पद्धत आली, घातांकी वेगाची. इविन टँग या विद्यार्थिनीला काम मिळालं की साध्या कॉम्प्युटरला हे जमणार नाही असं सिद्ध कर. २०१८ मधे, १८ वर्षांची असताना, तिने साध्या कॉम्प्युटरची पद्धतच शोधून काढली आणि तो घातांकी फायदा गेला! आशा आहे ती जिथे डेटाच क्वांटम असतो तिथे, रेणू, सेन्सर वगैरे. तुमच्या फोनमधल्या फोटोंसाठी नाही.

प्रश्न : एका क्लासने 'क्वांटम एआय एक्स्पर्ट' सर्टिफिकेट तीन महिन्यात देतो म्हटलंय, फी ४५ हजार. मुलीला घालू का? तिचं बारावी झालंय.

उत्तर : नको. मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी आणि पायथन पक्कं करू दे, किस्किट आणि पेनीलेन दोन्ही फुकट आहेत, शिकायचे धडे पण. तुम्ही लिहिलंय की पाच हजार आधीच भरलेत आणि बॅच सोमवारी सुरू होतेय, तर शनिवारच्या आत जाऊन पैसे परत मागा आणि जाताना पावती न्या.