डिस्क भरली म्हणून पीजी_वॉल मधल्या फाइली उडवू का?

नको, अजिबात हात लावू नका! पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीजी_वॉल फोल्डरनं डिस्क भरत आली, जुन्या फाइली हातानं काढू का, असं तुम्ही विचारलंय. त्या १६-१६ एमबीच्या फाइली म्हणजे साधे लॉग नव्हेत. सर्व्हर मध्येच पडला तर डेटा त्यांच्यावरूनच सावरला जातो. पूर्वी फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. 'लॉग' दिसलं की लोक पुसायचे, म्हणून आवृत्ती १० मध्ये नावच बदललं.

आधी पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स हा व्ह्यू, म्हणजे माहिती दाखवणारा तक्ता, बघा. बहुतेकदा चोर तिथेच सापडतो: रेप्लिका (डेटाची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) केव्हाच बंद केलेली, स्लॉट (तिला कुठपासूनच्या फाइली लागतील याची मुख्य सर्व्हरवरची नोंद) मात्र तसाच. 'ॲक्टिव्ह' रकान्यात 'एफ' (फॉल्स, म्हणजे 'नाही') दिसतं आणि सर्व्हर बिचारा तिच्यासाठी फाइली राखून ठेवतो. ती रेप्लिका कुणालाच नको आहे ना, हे टीमला विचारून घ्या, मगच स्लॉट काढणारं पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट हे फंक्शन चालवा. पुढच्या चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याच्या सर्व्हरच्या फेरीनंतर) जागा आपोआप सुटते. स्लॉट ठीक असतील तर आर्काइव्ह कमांड (या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारी) फेल होतेय का बघा.

आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ही सेटिंग आहे: स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती जागेच्या फाइली राखायच्या, ते ती ठरवते. डिफॉल्ट -१, म्हणजे मर्यादाच नाही. मर्यादा घालून ठेवा. फार मागे पडलेली रेप्लिका मग नव्यानं उभारावी लागेल, पण मुख्य सर्व्हर चालू राहील.