पाहून शिकतोस की ऐकून?

प्रश्न: मी ऑनलाइन गणित शिकवते. आमच्या संस्थेत एआयवर चालणारं नवं अ‍ॅप घ्यायचं चाललंय. ते मुलांना आधी विचारतं, ‘तू पाहून शिकतोस, ऐकून की करून?’ आणि त्यानुसार धडे देतं. यावर विसंबावं का?

उत्तर: या प्रश्नावलीवर तरी विसंबू नका. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या शिकण्याच्या शैलीप्रमाणे (पाहून, ऐकून की करून) शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा सापडला नाही. मुलाची आवड जरूर विचारा, पण त्यावरून त्याच्यावर शिक्का मारू नका. मला याचा खरंच राग येतो, कारण ‘मी ऐकून शिकणारी’ असं एकदा मनात बसलं की मूल आकृती काढायचंच टाळतं.

धडा बेतायचा तो मुलाच्या चुकीवरून. समजा, एकीने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. इथे ‘चूक’ म्हणून तोच व्हिडिओ परत दाखवण्यात काय अर्थ? तिला विचारायला हवं, ‘२/५ हे १/२ पेक्षा मोठं की लहान?’ मिळवूनही उत्तर कमी कसं झालं, इथे ती थबकते आणि मग समान छेदाची गरज तिला स्वतःलाच पटते. एकट्याने जमत नाही पण थोड्या आधाराने जमतं, ती जागा मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने दाखवली होती ती हीच.

यंत्राला हे काही प्रमाणात जमतं. अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन या संशोधकांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक उत्तरानंतर ‘हे कौशल्य आलं असावं का’ हा अंदाज सुधारला जातो. बरोबर उत्तर अंदाजपंचे आलेलं असू शकतं आणि येत असूनही हातून चूक होऊ शकते, हेही त्यात धरलेलं असतं. चॅटबॉट मात्र मागताक्षणी पूर्ण उत्तर देत असेल, तर मुलाची विचार करायची वेळच येत नाही. ती सोय बंद करता येते का, विचारा.

अ‍ॅप घेण्याआधी त्याच बेरजेचं उत्तर स्वतः मुद्दाम २/५ लिहून पाहा, मग १/६ लिहा. पहिलीत बेरजेची गल्लत आहे, दुसरीत गुणाकार झालाय. दोन्हींना एकच प्रतिसाद आला, तर ते अ‍ॅप चुका वाचत नाही. शिक्षकांच्या पानावर कोणाची गल्लत नेमकी कुठे होते तेही दिसायला हवं. नुसत्या टक्क्यांवरून पुढच्या तासाला आधी कोणाशी बोलायचं, ते तुम्हाला ठरवता येणार नाही.