समाजसहभागाच्या कामात नव्याने येणाऱ्या प्राध्यापकांसाठी

समाजसहभागासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांना घेऊन स्थानिक संस्थांबरोबर करायच्या कामासाठी, रीतसर प्रशिक्षण घेण्याचे आपण ठरवलेत, हे फार चांगले झाले. मात्र कार्यशाळा निवडताना तिथे मार्गदर्शन करणाऱ्यांमध्ये स्थानिक संस्थेतील कुणी आहे का, हे आधी पाहावे, कारण या भागीदार संस्थांची बाजू केवळ प्राध्यापकांच्या तोंडून ऐकली, तर ती हमखास अर्धवट कळते. अमेरिकेतील शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या कार्नेगी प्रतिष्ठानने २००६ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी समाजसहभागाचे स्वतंत्र वर्गीकरण सुरू केले. त्याच्या व्याख्येत परस्पर लाभ आणि देवाणघेवाण यांना मध्यवर्ती स्थान आहे.

ही देवाणघेवाण कागदावर उतरवण्याचा सराव प्रशिक्षणातच करून घ्यावा. गोळा झालेली माहिती कुणाच्या मालकीची, निष्कर्ष आधी कुणाला दाखवायचे, आणि सत्र संपून विद्यार्थी निघून गेल्यावर संस्थेचे अर्धवट राहिलेले काम कोण पुढे नेणार, हे प्रश्न संस्थेबरोबरच्या करारात नसले की संबंध बिघडतात. शेवटचा प्रश्न तर बहुतेक वेळा राहूनच जातो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

विद्यार्थ्यांच्या चिंतन-नोंदी, म्हणजे कामाच्या अनुभवावर त्यांनी लिहिलेली टिपणे, तपासण्याचे कौशल्यही शिकण्यासारखे आहे. ‘खूप शिकायला मिळाले’ या वाक्यावर न थांबता, कोणता समज बदलला आणि कशामुळे, असे विचारावे. पदोन्नतीत हे काम कसे धरले जाईल, ते विभागप्रमुखांकडून आताच लेखी घ्यावे.