वाचकांचे प्रश्न : निकोशियातील सुट्टीचा एक दिवस

प्रश्न : आमच्या मंडळीतील काही तरुण-तरुणी सायप्रसला सेवाकार्यासाठी जाणार आहेत. तेथे घरकाम करणाऱ्या भारतीय आणि नेपाळी भगिनींसाठी चालणाऱ्या कामात ते हातभार लावतील. निकोशिया येथे त्यांना एक दिवस सुट्टी मिळणार असून दोन भागांत विभागलेले ते शहर पाहण्याची त्यांची इच्छा आहे. दिवस कसा घालवावा? आणि दुसऱ्यांच्या दुःखाची जागा अशी हिंडून पाहणे योग्य आहे का?
— एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण दिवस कसा आखायचा हे त्यावरच ठरते. तेथे जाणे योग्य आहे; मात्र शहराच्या एकाच बाजूला उभे राहून, काटेरी तारांसमोर छायाचित्रे काढून परत येणे योग्य नाही. जो गट दोन्ही बाजूंना सारखाच वेळ देतो आणि दोन्हीकडच्या माणसांकडून काय गमावले ते ऐकून घेतो, त्याच्या भेटीला अर्थ आहे.

जुने निकोशिया व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी 1567 मध्ये बांधलेल्या गोल तटबंदीच्या आत वसलेले आहे. या तटाला अकरा बुरूज असून शहराचा आवाका इतका लहान आहे की ते पायी सहज पाहून होते. पूर्वी पेदिओस नदी शहराच्या मधून वाहत असे. तटबंदीच्या वेळी तिचा प्रवाह बाहेर वळवण्यात आला आणि जुन्या पात्राच्या जागी पुढे बाजाराचा मोठा रस्ता झाला, जेथे ग्रीक आणि तुर्की दुकानदार शेजारी शेजारी व्यापार करीत. आज शहर विभागणारी रेषा बऱ्याच अंशी त्याच रस्त्यावरून जाते; तिच्या दक्षिणेस ग्रीक आणि उत्तरेस तुर्की भाग आहे. रविवार कारंज्याहून गोदावरी ओलांडून पंचवटीत जाण्यासाठी आपल्याला दोन ठिकाणी पारपत्र दाखवावे लागले असते, तर मनाची जी अवस्था झाली असती, ती येथील वृद्धांच्या बोलण्यातून जाणवते.

ही रेषा 1974 च्या युद्धाने निर्माण झाली असे अनेकजण समजतात, परंतु ती त्याहून जुनी आहे. डिसेंबर 1963 मध्ये दोन्ही समाजांत हिंसाचार उसळला, तेव्हा एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने ती आखली. म्हणून तिला ग्रीन लाइन म्हणतात. त्या काळात हजारो तुर्की सायप्रियटांना (सायप्रसच्या तुर्की रहिवाशांना) आपली गावे सोडून वेगळ्या वस्त्यांत दाटीने राहावे लागले. पुढे 15 जुलै 1974 रोजी अथेन्समधील लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि 20 जुलै रोजी तुर्कस्तानचे सैन्य बेटावर उतरले. त्यानंतर दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि सुमारे 45,000 तुर्की सायप्रियट दक्षिणेकडून उत्तरेकडे विस्थापित झाले. आपल्या गटाने 1963 आणि 1974 ही दोन्ही वर्षे मनात ठेवून निघावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण दक्षिणेतील माणूस बहुधा दुसऱ्या वर्षापासून बोलायला सुरुवात करतो आणि उत्तरेतील माणूस पहिल्यापासून.

दिवसाची सुरुवात पाफोस दरवाजाजवळील होली क्रॉस चर्चपासून करावी. हे कॅथलिक चर्च ग्रीन लाइनवरच उभे आहे. तेथून लेद्रा रस्त्याने चालत गेले, की 3 एप्रिल 2008 रोजी खुली झालेली पादचाऱ्यांची चौकी लागते. पलीकडे 1572 मध्ये बांधलेली ब्युक हान ही दुमजली सराई आहे. तिच्या चौकात चहा घेऊन थोडा वेळ बसावे. जवळच सेलिमिये मशीद आहे. ही मूळची सेंट सोफियाचे कॅथेड्रल असून तिचे बांधकाम तेराव्या शतकात सुरू झाले आणि 1570 मध्ये उस्मानी सैन्याने शहर जिंकल्यावर तिची मशीद झाली. ख्रिस्ती गटाला तेथे हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ते नमाजाचे स्थान आहे याचे भान ठेवून शांतपणे आत जावे. मग पश्चिमेकडे अरबअहमत मोहल्ल्यात जावे. येथील अर्मेनियन ख्रिस्ती कुटुंबांना 1963-64 मध्ये घरे सोडावी लागली. ग्रीक आणि तुर्क या दोनच नावांत हा इतिहास मावत नाही, हे तेथे कळते. परतताना लेद्रा पॅलेसची चौकी ओलांडावी. तेथे दोन चौक्यांच्या मधल्या पट्ट्यात होम फॉर कोऑपरेशन हे केंद्र आहे, जेथे दोन्ही समाजांतील लोक एकत्र येऊन काम करतात. वेळ कमी पडल्यास बाजारातली खरेदी वगळावी. हे केंद्र वगळू नये.

एक गोष्ट डोळ्यांना दिसणार नाही, पण मला ती या शहरातील सर्वांत मोलाची वाटते. फाळणीनंतर अवघ्या काही वर्षांत, 1970 च्या दशकाच्या अखेरीस, लेलोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी या दोन बाजूंच्या नगरप्रमुखांनी संपूर्ण शहरासाठी एकच सांडपाणी योजना चालवण्याचे मान्य केले. राजकीय तोडगा निघाला नव्हता आणि तो आजही निघालेला नाही, तरीही दोन्हीकडचे सांडपाणी उत्तरेकडील एकाच शुद्धीकरण केंद्रात जाते. सेवाकार्य करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. बेटावर दक्षिणेकडील विमानतळावरूनच उतरावे, कारण उत्तरेकडून थेट झालेला प्रवेश सायप्रस प्रजासत्ताक, म्हणजे दक्षिणेतील सरकार, बेकायदा मानते. रेषा ओलांडून परत येण्यास आपला व्हिसा चालतो याची सायप्रसच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी. चौक्यांची व सैनिकांची छायाचित्रे काढू नयेत. पत्रके वाटू नयेत आणि रस्त्यात उभे राहून समेटासाठी मोठ्याने प्रार्थनाही करू नये. दोन्ही बाजूंचे मिळून 2,002 लोक बेपत्ता म्हणून नोंदले गेले होते. दोन्ही समाजांची संयुक्त समिती अजून त्यांचे अवशेष शोधून नातेवाइकांच्या स्वाधीन करीत आहे. आपण ज्या माणसाशी बोलतो त्याच्या घरातील कोणी त्यांत असू शकते. म्हणून चूक कोणाची, असे विचारू नये. आपले मूळ गाव कोणते, एवढे विचारले तरी पुरते.

प्रश्न : जनरल थिमय्या यांचे निधन सायप्रसमध्ये झाले, हे खरे काय?
— एक निवृत्त सैनिक, देवळाली कॅम्प

उत्तर : होय. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तेथे मार्च 1964 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल ग्यानी हे भारतीयच होते. त्यांच्यानंतर भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या आले आणि 18 डिसेंबर 1965 रोजी त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. सायप्रसने 1966 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुढे जुलै 1974 च्या लढाईत शांतिसेनेचे तेव्हाचे सेनापती, भारतीय मेजर जनरल प्रेमचंद यांनी निकोशियाचा विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेतल्याचे जाहीर केले, त्यामुळे तो दोन्ही सैन्यांच्या हाती गेला नाही. तेव्हापासून तेथे प्रवासी वाहतूक बंद आहे आणि आत जाण्यास परवानगी लागते, म्हणून वरील गटाने तो आपल्या दिवसाच्या आखणीत धरू नये.