जनावर काय खातं, यावर हिशेब ठरतो

पशुपालन विरुद्ध वनस्पतिजन्य अन्न या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक.

प्रश्न : एक किलो मांसासाठी दहा किलो धान्य लागतं, असं वाचलं. दुसरीकडे, गुरं माणसाला न पचणारा चाराच खातात, असंही सांगतात. दोन्ही कसं खरं असेल?

उत्तर : दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी जनावरं असतात. आधी ब्रॉयलर कोंबडी घेऊ. तिचं जिवंत वजन एक किलोने वाढायला साधारण १.७ किलो खाद्य लागतं. पिसं, हाडं, आतडी वगळली की एक किलो निव्वळ मांसामागे तेच सुमारे तीन किलो पडतं. पण किलोशी किलो ताडून पाहणं चुकीचं आहे. खाद्य कोरडं असतं आणि मांसात जवळपास तीन-चतुर्थांश पाणी. म्हणून प्रथिनं मोजा. २० टक्के प्रथिनं असलेल्या तीन किलो खाद्यात ६०० ग्रॅम प्रथिनं गेली, मांसातून २०० ते २२० ग्रॅम परत आली. मका-सोयाबीनची प्रथिनं माणसाला थोडी कमी पचतात हे धरलं, तरी निम्म्याहून जास्त माल वाटेतच संपतो. आणि कोंबडी ही या बाबतीत सर्वांत काटकसरी जनावरांपैकी एक. धान्यावर पोसलेल्या गोमांसाचा हिशेब याहून कितीतरी वाईट निघतो.

रवंथ करणाऱ्या जनावरांची गोष्ट निराळी. त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव काडातला सेल्युलोज फोडतात, जे आपल्याला अजिबात जमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगातल्या पशुखाद्यापैकी, कोरड्या वजनाने, ८६ टक्के भाग माणसाच्या खाण्याजोगा नाही. पशुपालनाची बाजू घेणारे इथेच थांबतात, आणि ते बरोबर नाही. उरलेल्या थोड्या भागातच जगातल्या धान्याचा सुमारे एक-तृतीयांश येतो. शिवाय त्या ८६ टक्क्यांत पेंडही धरलेली आहे. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं १८ ते २० किलो, बाकी जवळजवळ सगळी पेंड. जिचं वजन पिकाच्या चार-पंचमांश भरतं तिला उरलंसुरलं कसं म्हणायचं? सोयाबीनचा पेरा एवढा वाढला तो पेंडीच्या मागणीमुळेच. मोहरीत तेल ४० टक्क्यांच्या आसपास असतं. तिच्या पेंडीला उपउत्पादन म्हणणं त्या मानाने रास्त आहे.

म्हणून आमची कसोटी अशी : त्या जनावराच्या चाऱ्यासाठी नांगर चालवावा लागला का? नसेल, तर ते अन्नात भर घालतं. असेल, तर बहुतेक वेळा घट करतं. या कसोटीवर आजचं बरंचसं पशुपालन उतरत नाही. कुरणं धरून शेतीखालच्या एकूण जमिनीपैकी सुमारे ८३ टक्के जमीन प्राणिजन्य अन्नासाठी लागते आणि त्यातून जगाला ३७ टक्के प्रथिनं व १८ टक्के उष्मांक मिळतात, असं २०१८ च्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात दिसलं. यातली बरीच कुरणं खडकाळ, उताराची किंवा कोरडी आहेत आणि तिथे पीक येणार नाही, हे खरं. पण जनावरांसाठी नांगरलेल्या जमिनीला ही सबब लागू होत नाही.

प्रश्न : गाय मिथेन सोडते, पण त्यातला कार्बन गवतातून आलेला असतो आणि गवत तो पुन्हा हवेतूनच घेतं. मग तो प्रदूषणात का धरायचा?

उत्तर : कार्बन तोच असला, तरी त्याचं रूप बदललेलं असतं. गवताने घेतला कार्बन डायऑक्साइड, गायीने सोडला मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनाला वजन सुमारे २७ पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट उष्णता अडकवतो. तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे ते एवढंच की मिथेन हवेत सरासरी बारा वर्षांच्या आसपास टिकतो. त्यामुळे कळपांची संख्या स्थिर राहिली तर त्यांच्या मिथेनचं हवेतलं प्रमाणही साधारण स्थिर राहतं. पण ती स्थिर पातळी आधीच तापलेल्या हवेची आहे. कळप घटले, तर तापमानावर परिणाम लवकर दिसतो.

इथे एक पेच आहे. २०० ग्रॅम मिथेन सोडून दिवसाला ५ लिटर दूध देणारी गाय घेतली, तर लिटरमागे १ किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड-समतुल्य (तेवढीच उष्णता अडकवणारा कार्बन डायऑक्साइड) पडतो. ४०० ग्रॅम सोडून २५ लिटर देणारीचा आकडा निम्म्याहूनही खाली येतो. म्हणजे मिथेन कमी करायला दूध वाढवा, आणि दूध वाढवायला धान्य-पेंड घाला! एक हिशेब सुधारताना दुसरा बिघडतो. निव्वळ 'लिटरमागे उत्सर्जन' दाखवणाऱ्या जाहिरातीवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. सोबत खाद्य कुठल्या जमिनीतून आलं, हेही विचारावं.

प्रश्न : लांबून आणलेल्या कडधान्यापेक्षा जवळच्या गोठ्यातलं मांस चांगलं नाही का?

उत्तर : उत्सर्जनाच्या दृष्टीने नाही. गोमांसाच्या बाबतीत वाहतुकीचा वाटा अगदी नगण्य असतो. विमानाने येणारा नाशवंत माल मात्र याला अपवाद.

प्रश्न : जनावरंच नसतील, तर शेणखत कुठून आणायचं?

उत्तर : आधी हे लक्षात घ्या की जनावर नत्र (नायट्रोजन) तयार करत नाही. चाऱ्यातलं बहुतेक नत्र शेण-मूत्रातून बाहेर पडतं आणि उघड्या उकिरड्यावर त्यातलं बरंच अमोनिया होऊन उडून जातं. हवेतलं नत्र जमिनीत आणतात ते द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू. तेव्हा कडधान्याचा फेरपालट आणि हिरवळीचं खत हा पाया धरावा. तागासारखं पीक फुलोऱ्यावर येताच, साधारण ४५ ते ५० दिवसांनी, गाडावं. उशीर केला की खोड जून होतं आणि कुजायला वेळ लागतो. गाडल्यावर दोन आठवडे पेरणी करू नये.

कंपोस्टमध्ये कार्बन-नत्राचं गुणोत्तर २५ ते ३०:१ ठेवावं. गव्हाच्या काडात ते ८०:१ च्या आसपास असतं, म्हणून हिरवा पाला किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळावा लागतो. नुसतं काड शेतात गाडलं तर ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. ओल ५० ते ६० टक्के हवी : मूठ आवळल्यावर एक-दोन थेंब येतील इतकी. ढीग ५५ अंशांच्या वर किमान तीन दिवस राहिला पाहिजे. त्यानंतर तो उलटा आणि तापमान पुन्हा चढतं का ते पाहा. घाण वास सुटला, तर ढिगात हवा कमी आहे.

खरी अडचण स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशाची (पोटॅशियम) आहे. ते हवेतून येत नाही. धान्यासोबत शेतातून जे गेलं ते परत आणायला अन्नकचरा आणि मलमूत्रावर नीट प्रक्रिया करून ते जमिनीत घालणं, हाच टिकाऊ मार्ग. यावर वनस्पतिजन्य शेतीचे पुरस्कर्ते फार कमी बोलतात.

प्रश्न : पूर्ण वनस्पतिजन्य आहारात प्रथिनं आणि बी-१२ पुरतं का?

उत्तर : प्रथिनं पुरतात, बी-१२ नाही. ६० किलो वजनाच्या निरोगी प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ३०० ग्रॅम धान्यातून साधारण ३०, १०० ग्रॅम कोरड्या डाळी-कडधान्यातून २२ ते २४ ग्रॅम मिळतात. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो कडधान्य भरून काढतं. पचनातली तूट धरून वर थोडे दाणे किंवा सोयाबीन घ्यावं.

बी-१२ फक्त जिवाणू बनवतात, त्यामुळे गोळी किंवा ते मिसळलेलं अन्न लागतंच. गरज दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम, पण एका वेळी दीड-दोनच नीट शोषले जातात. त्यापुढच्या मात्रेचा जेमतेम एक टक्का. १००० ची गोळी घेतली तरी शरीरात दहा-बाराच जातात, म्हणून गोळ्यांवरचे आकडे इतके मोठे दिसतात. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. आणि आहारात फॉलेट (बी गटातलंच आणखी एक जीवनसत्त्व) भरपूर असेल तर रक्त ठीक दिसत असतानाच नसांना इजा होत राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासणी लांबवू नका. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांनी तर मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पूरक अन्नावर विसंबू नका. त्यातलं बहुतांश बी-१२ आपल्या शरीराला वापरता न येणाऱ्या रूपातलं असतं.