नॉर्वेजियनमध्ये ‘चुकलं’ कसं म्हणायचं?

ट्रॅममध्ये धक्का लागला, तर ‘उन्शुल’ की ‘बेक्लागेर’? (ऑस्लो)

उन्शुल. लिहिताना शेवटी ‘ड’ येतो, बोलताना तो गिळायचा. ‘शु’साठी ओठ ‘उ’सारखे गोल ठेवून ‘ई’ म्हणा. कुणाला रस्ता विचारतानाही सुरुवात याच शब्दाने. नॉर्वेजियन माणूस मात्र धक्का मारून बरेचदा नुसतं ‘ओय’ म्हणतो आणि पुढे जातो. राग मानू नका, त्याची माफी मागून झालेली असते. आणि पाय लागला म्हणून आपल्यासारखा त्याला हात लावून छातीशी नेऊ नका, दचकेल बिचारा.

ऑफिसात माझ्यामुळे ग्राहकाला चुकीचे कागद गेले. साहेबांना काय म्हणू? (स्टावांगर)

आधी ‘साहेब’ सोडा, तिथे पहिल्या नावानेच हाक मारतात. मग म्हणा : ‘उन्शुल, दे वार मिन फॅइल.’ फाइल नव्हे. फॅइल म्हणजे चूक. चूक माझी होती, एवढंच. एकदाच म्हणा आणि ती कशी निस्तरणार ते सांगा.

‘बेक्लागेर’ हे आपलं ‘दिलगीर आहोत’. गाडीला उशीर झाला की फलकावर हेच. त्यातला ‘क्लागे’ म्हणजे गाऱ्हाणं; ‘उन्शुल’मधला ‘शुल’ म्हणजे दोष. एकात खंत, दुसऱ्यात कबुली. पण बेक्लागेर म्हणजे नुसता सरकारी शब्द असंही समजू नका. 1997 साली राजा पाचवा हाराल्ड यांनी कारास्योक इथे सामी (उत्तरेकडचे मूलनिवासी) संसदेत, सक्तीच्या नॉर्वेजियनीकरणातून सामी लोकांवर झालेल्या अन्यायाबद्दल बोलताना हेच क्रियापद वापरलं होतं. कोण, कशाबद्दल म्हणतंय, त्यावर शब्दाचं वजन ठरतं.

मैत्रिणीची नोकरी गेली. मी ‘यॅइ ॲर लॅइ आव दॅइ’ म्हटलं, तर ती गप्पच झाली. (ट्रॉनहाइम)

होणारच! तुम्ही तिला ‘मला तुझा वीट आलाय’ म्हणालात. ‘यॅइ ॲर लॅइ मॅइ’ म्हणजे मला वाईट वाटतंय. एका ‘आव’ने घात केला. आजच फोन करा आणि आधी उन्शुल म्हणा. कुणाचं माणूस गेलं असेल तर मात्र ‘कोन्दोलेरर’ हा वेगळा शब्द आहे.

आणि समोरच्याने माफी मागितली तर? (बर्गन)

‘दे गोर ब्रा’. चालतंय.