म्युनिकला जाताय? डबा घेऊन बिअरगार्डनला जा

जूनमध्ये तीन दिवस म्युनिक, सोबत आईबाबा. आई शाकाहारी, बाबांना चांगली बिअर प्यायचीय, आणि 'आईने तीन दिवस नुसत्या पावावर काढायचे का?' असा तुमचा प्रश्न. नऊ वर्षं इथे राहतोय, पाहुणेही बरेच फिरवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याच संध्याकाळी रेस्टॉरंट शोधत बसू नका. बिअरगार्डनला, म्हणजे झाडांखाली बाकडी टाकलेल्या उघड्या बिअरच्या जागी जा आणि डबा सोबत घ्या. थट्टा करत नाही, इथली रीतच आहे ती. पूर्वी उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी असे, कारण भट्ट्यांमुळे आगी लागत. मग मार्चपर्यंत बनवलेली बिअर तळघरांत साठवायची आणि ती गार राहावी म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची. हळूहळू बिअरवाले त्याच सावलीत बाकडी टाकून विकायला लागले आणि गावातल्या खानावळवाल्यांचं पित्त खवळलं. १८१२ साली राजा मॅक्सिमिलियनने तोड काढली: बिअर आणि ब्रेड द्या, बाकी जेवण द्यायचं नाही. लोक घरून शिदोरी आणू लागले. आता तिथे जेवणही मिळतं, पण शिदोरीचा हक्क कायम आहे. पेय मात्र तिथलंच घ्यायचं.

खूण सोपी आहे. टेबलावर कापड असेल तर तिथे वेटर येतो, डबा उघडायचा नाही. उघडं लाकडी टेबल असेल तर खुशाल बसा. जागा भरलेली असेल तर 'इस्ट हिअर नोख फ्राय?' (इथे जागा आहे का?) विचारून अनोळखी लोकांच्या शेजारी टेकायचं, कोणी नाक मुरडत नाही.

माझी आई आली होती तेव्हा आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी घेऊन गेलो होतो. समोर एक आजी-आजोबा. आजोबांनी पिशवीतून चौकटीचं टेबलक्लॉथ काढून अंथरलं, मग लाकडी पाट, सुरी आणि हातभर लांब पांढरा मुळा. मुळा न तोडता गोल गोल असा कापला की ओढल्यावर त्याची स्प्रिंग झाली. वर मीठ भुरभुरवून पाणी सुटेपर्यंत थांबले. आई म्हणाली, 'अरे, हा तर आपला चोचवलेला मुळा!' पुरी तिकडे गेली, मुळा इकडे आला. चटणी आजोबांनी जरा जास्तच घेतली आणि पुढची पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत.

(भारतातून येताना पेढे, तूप, खवा आणू नका. दूध-मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे.)

कुठे जायचं? मुख्य स्टेशनपासून चालत जाण्याजोगं ऑगस्टिनर केलर, तिथे लाकडी पिंपातून बिअर काढतात. बाबांना तिथेच न्या. हिर्शगार्टन सर्वांत मोठं, सुमारे ८००० माणसं बसतील एवढं, पण कुटुंबांचं आणि निवांत. इंग्लिश गार्डन या बागेत चिनी मनोऱ्याभोवतीचं बिअरगार्डन एकदा बघायला ठीक आहे, गर्दी फार. साधी बिअर म्हणजे 'हेलेस'. लिटरच्या मगाला 'मास' म्हणतात, शाकाहाऱ्यांनी दचकू नये. एवढी झेपणार नसेल तर 'राडलर' घ्या, अर्धी बिअर अर्धं लिंबू-सोडा. आईसाठी 'आप्फेलशोर्ले', सफरचंदाचा रस आणि सोडा. मगाचं डिपॉझिट घेतात, परत करायला विसरू नका.

आता आईचं जेवण. केझेश्पेट्झ्ले, म्हणजे चीज आणि तळलेला कांदा घातलेल्या पिठाच्या मऊ शेवया, पोटभरीचं. सेमेलक्नोडेल म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, मशरूमच्या सॉससोबत छान लागतात. दोन्हींत अंडं असतं. ते चालत नसेल तर ब्रेत्झेलसोबत (मीठ लावलेला, वेटोळ्याचा पाव) ओबात्झ्दा, म्हणजे लोणी-पेपरिका घालून कुस्करलेलं चीज. २४ जूनपर्यंत पांढरा श्पार्गेल, म्हणजे शतावरीचे कोंब, मिळेल. उकडलेले बटाटे आणि वितळलेलं लोणी एवढ्यासोबत मागवा, हॅम नको म्हणून सांगा.

फसवणारे पदार्थ वेगळेच. इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं, आणि कोबीत डुकराची चरबी किंवा बेकनचे तुकडे. 'फ्लाइश' म्हणजे मांस एवढंच धरून बसलात तर वेटर बेकन त्यात मोजेलच असं नाही. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' (मांस नको, बेकन नको) असं दोन्ही म्हणा.

बाबा मांसाहारी असतील तर वाइसवुर्स्ट, म्हणजे पांढरं सॉसेज, सकाळी खायचं, परंपरेने दुपारच्या बाराच्या आत, गोड मोहरीसोबत. साल काढून खातात. त्यात वासराचं मांस असतं, चालतं का ते आधी विचारून घ्या.

पैशांचं थोडक्यात. टेबलावरच्या टोपलीतले ब्रेत्झेल फुकट नसतात. पहिल्या वर्षी एका ठिकाणी आम्ही चौघांनी सात उडवले आणि बिल बघून गप्प बसलो. टिप टेबलावर ठेवून उठू नका. बिल २७ युरो असेल तर कार्ड किंवा नोट देतानाच 'तीस' म्हणा. कार्ड सगळीकडे चालेल असं धरू नका, रोख जवळ हवी. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या त्यानेच भरा. रेस्टॉरंटमध्ये मात्र पाणी विकतच येतं, 'श्टिल' म्हटलं नाही तर बुडबुड्यांचं.

तुमच्या तीन दिवसांत रविवार येत असेल तर शनिवारी रात्री आठच्या आत दही, फळं, पाव घेऊन ठेवा. रविवारी दुकानं आणि व्हिक्टुआलिएनमार्क्ट बाजार बंद. त्या बाजारातही एक बिअरगार्डन आहे, म्युनिकच्या सहा ब्रुअरींची बिअर तिथे आळीपाळीने येते. शनिवारी सकाळी तिथूनच चीज आणि मुळा घ्या, रविवारच्या डब्याची सोय होईल.